सहा तातामीत बुलेट ट्रेन

जपानी रेल्वे मॉडेलचा छंद सुरू करायचा असेल तर गाडी सगळ्यात शेवटी घ्या, आधी जमीन बघा. यूट्यूबवर जे काका पांढरे हातमोजे घालून अलगद एकेक डबा रुळावर ठेवताना दिसतात ना, त्यांच्या मागे कधी वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत, कुणी "ऊठ तिथून, गादी घालायचीय" म्हणत नाही, आणि रुळांच्या मधोमध कुणी लसूण सोलायला बसलेलंही नसतं. हे काका नेमके कुठे राहतात हा माझ्यासाठी अजून संशोधनाचा विषय आहे.

आम्ही राहतो टोकियोत निशी-कासाईला. आयटीवाले भारतीय इथे इतके आहेत की तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, गणपती बसतो, फक्त जागा तेवढी मिळत नाही. आमच्या फ्लॅटमध्ये एक हॉल-कम-किचन, एक बेडरूम आणि एक सहा तातामीची जपानी खोली आहे. तातामी म्हणजे गवती विणीची जाड बैठक, आणि इथे खोलीचं माप स्क्वेअर फुटात कमी आणि तातामीत जास्त सांगतात, त्यातही मेख अशी की सगळ्या तातामी सारख्या नसतात, जुन्या घरातली मोठी आणि आमच्यासारख्या कॉलनीच्या बिल्डिंगमधली साधारण १७० बाय ८५ सेंटीमीटर, म्हणजे सहा तातामी ऐकायला भरघोस आणि बघायला आटोपशीर. तर या सहा तातामींचा सातबारा असा: दोन तातामी आईच्या नावावर (ती डोंबिवलीहून आली की तीन-तीन महिने असते, नसली तरी जागा तिचीच), एक इस्त्री आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वहिवाट, एक लेकीच्या दप्तराची आणि तिच्या अर्धवट सोडलेल्या क्राफ्टची, एक देव्हाऱ्यापुढची आणि उरलेली एक, जिला घरात सगळे "रिकामी" म्हणतात पण जी मी लग्नानंतर कधी रिकामी बघितलेली नाही.

छंदाची लागण झाली ती पुढच्याच स्टेशनवर. कासाईला तोझाई मेट्रो लाईनच्या पुलाखालीच सबवे म्युझियम आहे, १९८६ पासूनचं, पाऊस असला की लेकीला घेऊन जायला बरं पडतं. तिथे एक मोठा पॅनोरमा आहे, त्यात टोकियोच्या मेट्रोच्या छोट्या गाड्या ठरलेल्या वेळी सोडतात. लेक पाच मिनिटात कंटाळून "बाबा चला ना" सुरू झाली आणि मी तिथेच. कारण त्या गर्दीत आमची तोझाई लाईन होती. ही तीच लाईन जिच्यात किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात कोविडच्या आधी सरकारी आकड्यानुसार क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी असायची, आणि ज्या डोंबिवलीकराने आयुष्यभर आठ-पाचची फास्ट पकडलीये त्यालाही तिथे सकाळी दोन्ही पाय एकाच वेळी टेकायला मिळत नाहीत. आणि इथे तीच गाडी रिकामी, शांत, वेळेवर, आणि तिच्यात मला चढायचं नाहीये. माणसाला गाडी आवडायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे गाडीच्या बाहेर, हे मला त्या दिवशी पटलं.

मग वाचन सुरू झालं, म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर. जपानमध्ये घरोघरी चालतो तो एन गेज, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. इथपर्यंत सोपं. पण मग कळतं की साध्या जपानी गाड्यांचं मॉडेल १:१५० मापाचं असतं आणि शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, १:१६०, आणि दोन्ही त्याच ९ मिलिमीटरच्या रुळावर धावतात. याचं मूळ थेट १८७२ मध्ये आहे. तेव्हा शिम्बाशी ते योकोहामा अशी जपानची पहिली रेल्वे सुरू झाली ती १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर, आणि पुढे देशभर तेच जाळं पसरलं. शिनकानसेन १९६४ ला आली ती मात्र १४३५ च्या रुंद रुळांवर. आता कॅल्क्युलेटर काढा, १४३५ भागिले १६० म्हणजे जवळपास बरोब्बर ९, झकास. १०६७ भागिले १५० म्हणजे ७.१. म्हणजे आमची तोझाई लाईन घरात धावते तेव्हा तिच्या खालचे रूळ खऱ्या प्रमाणापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर रुंद असतात. हे एकदा कळलं की दिसायला लागतं, आणि एकदा दिसायला लागलं की बायकोला दाखवावंसं वाटतं, तेही रात्री साडेबाराला. ती म्हणाली, "मला गाडीच दिसत नाहीये अजून, तू रूळ काय दाखवतोस."

त्यानंतर घराणं निवडायचं. दोन मोठी घराणी, कातो आणि तोमिक्स. कातोने १९६५ मध्ये जपानचं पहिलं एन गेज काढलं, सी५० नावाचं वाफेचं इंजिन आणि मागे प्रवासी डबे. तोमिक्स १९७६ मधलं, खेळण्यांच्या तोमी कंपनीकडून आलेलं. दोघांचेही रूळ खडीच्या प्लॅस्टिक पट्टीसकट येतात, जमिनीवर ठेवायचे आणि टक्कन एकमेकांत अडकवायचे, दोन्ही उत्तम. पण कातोची खडी राखाडी, तोमिक्सची तपकिरीकडे झुकणारी. कातोचा सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा, तोमिक्सचा २८०. दोन लाईन शेजारी टाकल्या तर मधलं अंतर कातोत ३३ आणि तोमिक्समध्ये ३७. आणि दोघांची सरळ सोयरीक होत नाही, मधे जोडणीचा खास तुकडा लागतो. गाड्या मात्र कुणाच्याही कुणाच्याही रुळावर आनंदाने धावतात, त्यांना काहीच प्रॉब्लेम नाही, भांडणं काय ती जमिनीवरून. एका जपानी कलीगला मी लंचमध्ये सहज विचारलं की कोणतं घेऊ, तर जो माणूस तीन वर्षं माझ्याशी हवामान सोडून कशावर बोलला नव्हता तो नॅपकिनवर आकृत्या काढायला लागला आणि त्याचं सूप गार झालं.

खरेदीला अर्थात अकिहाबारा, टोकियोतला छंदवाल्यांचा बाजार. त्याआधी मी गिन्झाला तेनशोदोत डोकावून आलो होतो, १८७९ पासूनचं नाव, घड्याळं-दागिने आणि रेल्वे मॉडेल एकाच पाटीखाली विकणारं, आणि तिथली पितळी इंजिनं बघून कळलं की ते दोन्ही धंदे एकत्र का असतील. मी हात खिशात घालून शांतपणे बाहेर आलो. अकिहाबारात आपल्याला परवडेल असं असतं. नवीन तर असतंच, पण सेकंडहँडचीही मोठी दुकानं आहेत, तिथे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, कुठे चरा आहे, कुठला आरसा नाहीये, खोकं फाटलंय का, सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं. आपल्याकडे जुनी बाईक विकताना एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक पळून जाईल. पैसे द्यायच्या आधी दुकानदार गाडी काउंटरवरच्या छोट्या रुळावर ठेवून पुढे-मागे चालवून दाखवतो, पुढे जाताना दिवे पांढरे, मागे जाताना तेच लाल, आणि तो प्रत्येक वेळी मान तुकवून "ठीक आहे ना?" असं विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर मीच संकोचून म्हणालो, आता बस, मला हिच्याशी लग्न करायचं नाहीये.

मी नवशिक्यांचा सेट मागितला तेव्हा दुकानदाराने किंमत नाही, बजेट नाही, पहिला प्रश्न हाच केला की घरी जागा किती आहे. मी म्हणालो सहा तातामी. त्याने माझ्याकडे अशा आदराने बघितलं की मला खुलासा करवला नाही. त्याला वाटलं सगळ्या सहा माझ्याच.

सेट घेतला ई५ हायाबुसा या शिनकानसेनचा, हिरवी, लांब चोचीची, मधे गुलाबी पट्टा. त्यात रुळांचं एक अंडाकृती रिंगण, १२ व्होल्ट डीसी सोडणारा कंट्रोलर, आणि गाडी. आता गाडी म्हणजे तीन डबे. खरी ई५ दहा डब्यांची. मी घरी येऊन खोकं उघडलं, बायकोने बघितलं, बोटाने मोजलं. "हे तोंड, ही शेपूट, आणि हा मधला. बाकीची गाडी कुठाय?"

"ती वेगळी मिळते. जोड-संच असतात. एक तीन डब्यांचा, एक चार डब्यांचा."

"म्हणजे तू घराचं दार, खिडकी आणि एक भिंत घेऊन आलायस."

इथे सांगायला हवं की माझ्या बायकोचं माहेर पालघरच्या बाजूचं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची लाईन तिकडूनच जाते, २०१७ च्या सप्टेंबरात भूमिपूजन झालं तेव्हा गाडी म्हणून नाव होतं ते याच ई५ चं, आणि तेव्हापासून तिच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोजणी, गट नंबर, संमतीपत्र, मोबदला हे विषय गुड मॉर्निंगच्या फुलांइतके नित्याचे आहेत. भूसंपादनाबद्दल मला एवढंच माहीत की ते लांबतं. तिला त्यातली कलमं माहीत आहेत. त्यामुळे मी जेव्हा त्या "रिकाम्या" तातामीकडे बोट दाखवून म्हणालो की हा कोपरा मी घेतो, तेव्हा ती हसली नाही की चिडली नाही, शिवणाच्या डब्यातून टेप घेऊन आली.

रिंगणाच्या कर्व्हची त्रिज्या ३१५ मिलिमीटर, म्हणजे रुंदी ६३ सेंटीमीटर आणि वर खडीची कड. लांबी सव्वा मीटरच्या आसपास. एका तातामीत आरामात बसतं. तिने मोजलं, कागदावर लिहिलं आणि अटी सांगितल्या. कायमस्वरूपी नाही, तात्पुरता ताबा. काम झालं की रूळ उचलून खोक्यात. देव्हाऱ्यासमोर बफर झोन. रात्री नऊनंतर वाहतूक बंद, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात. जपानी लोकही घरात असंच जमिनीवर रूळ पसरून चालवतात आणि परत गुंडाळून ठेवतात, त्यांची घरं कुठे मोठी आहेत, तर त्या हिशोबाने अटी वाजवी होत्या. मी सही केली. खरंच केली, तिने पेन दिलं होतं.

उद्घाटनाला आईने कंट्रोलरला हळदकुंकू लावलं. बटण फिरवल्यावर गाडी जी निघाली ना, ती आवाज न करता निघाली, नुसतं बारीक घरघर, आणि त्या क्षणी मला सगळं विसरायला झालं. खरी ई५ ताशी ३२० किलोमीटरने धावते, त्याला १६० ने भागलं की ताशी २ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंचावन्न सेंटीमीटर, म्हणजे स्केलप्रमाणे चालवायची तर आमचं रिंगण सहा सेकंदाच्या आसपास एक फेरी. लेकीला हे मान्य नव्हतं. तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि हायाबुसा कर्व्हवरून सरळ इस्त्रीच्या वहिवाटीत घुसली. जपानमध्ये शिनकानसेन रुळावरून घसरणं ही अतिदुर्मिळ गोष्ट, आमच्याकडे उद्घाटनाच्या दिवशीच. यासाठी सेटबरोबर एक उताराची प्लॅस्टिक पट्टी येते, ती रुळावर ठेवायची आणि डबा तिच्यावरून खाली घसरवत सोडायचा, चाकं आपोआप जागेवर बसतात. ही पट्टी म्हणजे या छंदातला सगळ्यात मोठा शोध असं माझं मत आहे, आणि घरात लहान मूल असेल तर दोन ठेवा.

आईची प्रतिक्रिया वेगळीच होती. ती बराच वेळ चष्मा पुसून पुसून बघत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, माणसंच नाहीत की आत."

"माणसं वेगळी मिळतात, आई. सेंटीमीटरभर उंचीची. आपण चिकटवायची."

"आणि दारात लोंबकळणारी?"

"ती नाही मिळत. शिनकानसेनचं दार बंद असतं अगं."

"मग ही कसली गाडी," म्हणून ती लसूण घेऊन बसली. व्हीटीला पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईपुढे मी काय बोलणार.

मग काही दिवसांनी गाडी अडखळायला लागली. एका ठराविक जागी दिवे मिचमिचायचे आणि गाडी थांबायची, बोटाने टोचली की परत चालू. वीज रुळातून चाकात येते, तर रूळ आणि चाक स्वच्छ पाहिजे, धूळ नको, केस नको, तातामीचे गवती तंतू तर अजिबात नको, ते आसाला गुंडाळून आतल्या गियरपर्यंत जातात. मी रूळ पुसायचं खास लिक्विड आणलं, कापसाचे बोळे काळे केले, आसातले तंतू चिमट्याने ओढले. तरी त्याच जागी गाडी थांबायची. शेवटी तपासात असं निष्पन्न झालं की आई रोज दुपारी डोक्याला तेल लावून नेमकी त्या कर्व्हवर हात टेकून उठते. पॅराशूटचा थर. कंपनीच्या माहितीपत्रकात बोटांचे डाग, धूळ, गंज सगळं दिलंय, खोबरेल नाही. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तेलाने उलट चांगली पळायला पाहिजे," आणि यावर विजेचं शास्त्र तिला समजावण्यात माझा पूर्ण रविवार गेला, रूळ मात्र अजून तिथेच आहेत आणि तेलही.

त्यानंतर आले बारीक पार्ट. इथल्या कितीतरी मॉडेलमध्ये अँटेना, शिट्टी, हाताचे दांडे वगैरे आपण लावायचे असतात, आणि डब्यांचे नंबर घासून उमटवायचे असतात. सेटमधल्या गाडीला त्यातलं काही नव्हतं, पण मी सेकंडहँडमध्ये एक जुनी लोकल स्वस्तात उचलली होती, तिच्याबरोबर पार्टांची पिशवी न उघडलेली होती. आधीच्या मालकाने ती का उघडली नसेल हे मला लवकरच कळलं. अँटेना तांदळाच्या कणीपेक्षा लहान. चिमट्यात धरली की धरलीये असं वाटतं, आणि मग एक बारीकसा "टिक" आवाज येतो. बस. त्या आवाजानंतर ती या जगात नसते. मी मोबाईलचा टॉर्च लावून, गाल तातामीला टेकवून, श्वास रोखून शोधत होतो तेव्हा आई आली आणि तिला वाटलं सुनेच्या कुड्याची फिरकी पडली. मग कशाला काही बोलतेय, स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेऊन आली, तातामीवर वीतभर वीत थापत गेली आणि दोन मिनिटात अँटेना काढून दिली. वर एक टिकली, लेकीचे मणी आणि एक साबुदाणाही निघाला. अँटेनाला थोडी कणीक लागलीये अजून, पण १:१५० मध्ये कोण बघतंय.

तर या सगळ्यातून मोकळं व्हायचं म्हणून मी भाड्याच्या लेआउटवर गेलो. हा प्रकार भारी आहे. मोठी टेबलं, त्यावर डोंगर, बोगदे, स्टेशनं, शहर, चार-सहा लाईनी, आपण तासाच्या हिशोबाने एक लाईन घ्यायची, आपली गाडी आणायची आणि चालवायची. माझ्या शेजारी एक सूट-टायवाले गृहस्थ ऑफिसातून थेट आलेले, त्यांनी ब्रीफकेसमधून पुस्तक काढलं असं मला वाटलं, तर ती गाडीची पेटी, दिसायला हुबेहूब जाडजूड पुस्तक, उघडलं की आत स्पंजमध्ये डबे झोपलेले. असली दोन पुस्तकं. टोकियो-ओसाका तोकाइदो लाईनवरची एन७०० शिनकानसेन, सोळाच्या सोळा डबे. खरी गाडी चारशे मीटरची, मॉडेल अडीच मीटर. ती स्टेशनात उभी राहिली की फलाट संपतो पण गाडी संपत नाही. त्यांच्या शेजारी माझी तीन डब्यांची हायाबुसा. त्यांनी एकदा बघितलं आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "सुरुवातीला सगळ्यांचीच तीन डब्यांची असते." मी मान तुकवली. त्यांनीही तुकवली. मग ते म्हणाले की पण घरी ३१५ चा कर्व्ह असेल ना, त्यावर दहा डबे शोभत नाहीत हो. आणि मग त्यांनी जो हिशोब सांगितला त्याने माझी झोप गेली. तोकाइदो शिनकानसेनच्या मेन लाईनवरचा नेहमीचा सगळ्यात तीव्र कर्व्ह २५०० मीटर त्रिज्येचा. भागिले १६०, म्हणजे साडेपंधरा मीटर. म्हणजे खऱ्या प्रमाणात घरात नुसतं गोल रिंगण टाकायचं तरी खोली ३१ मीटर रुंद लागेल. आमची खोली अडीच मीटरची आहे. "मग तुम्ही घरी कुठे चालवता?" मी विचारलं. ते म्हणाले, घरी? घरी मी फक्त ठेवतो. म्हणून तर इथे येतो.

आता ३१ मीटर नको, पण दहा डबे तर हवेत. दहा डबे म्हणजे एक मीटर अठ्ठावन्न सेंटीमीटर. आमचं रिंगण तीन मीटर आणि थोडं. म्हणजे अर्धं रिंगण गाडीनेच भरणार, तोंड शेपटीच्या मागे लागल्यासारखं दिसणार, त्यामुळे जोड-संच घ्यायचे तर रूळ लांबवणं आलं, आणि रूळ लांबवायचे तर दुसरी तातामी आली. मी योग्य वेळ बघून, म्हणजे भांडी घासून झाल्यावर, प्रस्ताव मांडला. लाईन विस्तार, फेज दोन.

बायकोने मोबाईल खाली ठेवला. "२०१३ चा कायदा माहितीये ना. शहरी हद्दीत बाजारभावाच्या दुप्पट. गावाकडे चौपटीपर्यंत जातं, नशीब समज आपण टोकियोत आहोत."

"घरातल्या घरात कसला बाजारभाव?"

"एक तातामी घेतोस, दोन दे."

आणि दिल्या. बेडरूममधल्या माझ्या टेबलाची जागा आणि भिंतीतल्या कपाटाचा माझा खण, मिळून साधारण दोन तातामी होतात, तिने टेपने मोजून घेतल्या. तिथे आता शिलाई मशीन आहे आणि कापडांचे गठ्ठे. मी घरून काम करतो त्या दिवशी लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर असतो, टीम मीटिंगमध्ये माझ्या मागे ओले शर्ट लटकलेले असतात, आणि मॅनेजर सॅन दरवेळी काळजीने विचारतात की सगळं ठीक आहे ना घरी. चार डब्यांचा जोड-संच दुकानात संपलाय, पुढची बॅच येईपर्यंत नाव नोंदवून ठेवलंय, तोपर्यंत सहा डब्यांची गाडी दोन तातामीत धावते आणि आई म्हणते आता कुठे जरा स्लो लोकलसारखी दिसायला लागली.

परवा मी तिसऱ्या तातामीचा विषय सहज काढून बघितला, नुसता चाचपायला. बायकोने सुईत दोरा ओवता ओवता मान वर न करता सांगितलं, "प्रकल्प जाहीर झाला की भाव वाढतात."